चित्राबाहेरची गार्गी

टीव्हीवर सायकलची शर्यत दाखवणं हा मुळातच वेडगळ उद्योग. क्रिकेटला मैदान असतं, कुस्तीला आखाडा असतो. इथे मैदान म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरचा डोंगरातला रस्ता, आणि खेळाडू त्यावरून पळत सुटलेले. पूर्वी त्यांच्यासोबत मोटारसायकली धावायच्या आणि मागच्या सीटवर कॅमेरावाला तोंड उलटीकडे करून बसलेला असायचा. वर हेलिकॉप्टर. त्याच्याही वर एक विमान गोल गोल घिरट्या घालायचं, कारण दरीतून निघालेलं चित्र आधी त्या विमानाकडे जायचं आणि मग खाली स्टुडिओत यायचं. हवा बिघडली की विमान उडायचं नाही. मग जगभरचे प्रेक्षक तासभर शेवटच्या रेषेजवळचं रिकामं डांबर बघत बसायचे, आणि माझ्यासारखी माणसं त्या डांबराबद्दल बोलत राहायची.

मी शीतल आरवाडे. मूळची सांगलीची. एके काळी जिल्ह्यात सायकलिंगला पहिली यायची. पुढे गुडघा गेला, तोंड मात्र चालू राहिलं. एका क्रीडावाहिनीच्या पुण्यातल्या स्टुडिओत बसून मी युरोपातल्या शर्यतींची मराठीत कॉमेंट्री करते, तीही एकटी. जोडीला दुसरा माणूस घेणं वाहिनीला परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो परवडला नसता.

त्या शर्यतींमध्ये माझी मुलगी असते. गार्गी. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. दंडोबाच्या डोंगरावर मी तिला सायकल शिकवली. आता ती स्पेनमध्ये राहते आणि लुमेन नावाच्या संघातून पळते. संघात ती मदतनीस आहे. म्हणजे जिंकायचं काम दुसरीचं. गार्गीने वारा अडवायचा, बाटल्या पोचवायच्या, आणि जिच्यासाठी हे करायचं तिला डोंगराच्या पायथ्याशी ताजीतवानी आणून सोडायचं. ती दुसरी म्हणजे लीस, संघाची म्होरकी, नेदरलँड्सची. संघाच्या मॅनेजरने गार्गीला पहिल्यांदा भेटायला बोलावलं तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी तिच्या सीटची उंची मोजली होती. ती लीसच्या सीटएवढीच भरली. हे त्या धंद्यात नेहमीचंच आहे. म्होरकीची सायकल ऐनवेळी बिघडली आणि सुट्या सायकली घेऊन येणारी संघाची गाडी मागे अडकली, तर मदतनिसाने उतरायचं आणि आपली सायकल तिला द्यायची. असा प्रसंग वर्षानुवर्षं येत नाही, पण उंची जुळलेली बरी.

मदतनीस टीव्हीवर दिसत नाही. जुन्या काळात मी पाच पाच तास स्क्रीनकडे डोळे लावून बसायची आणि कुठेतरी तीन-चार सेकंद माझी गार्गी जाताना दिसायची. जर्सीत बाटल्या खुपसलेल्या, मान खाली. तेवढ्यावर मी दिवस काढायची. कॉमेंट्रीत तिचा उल्लेख "गार्गी आरवाडे" असाच करायचा, "माझी मुलगी" म्हणायचं नाही, हा वाहिनीचा नियम होता. मी तो पाळायची, पण माझा आवाज काही नियम पाळायचा नाही.

संध्याकाळी मात्र तिचा फोन यायचा. आमच्याकडे सांगली-कोल्हापूरला बायकाही "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात आणि गार्गीने युरोपात जाऊनही ते सोडलेलं नाही. "आई, आज मी लई दमलो बघ," अशी सुरुवात व्हायची. मग कोण पडलं, कोण रडलं, कुणी कुणाला काय शिवी घातली, भात कसा कच्चा होता, सगळं. ती सांगायची आणि मी मधे मधे "पुढं?" म्हणायची. न दिसलेली शर्यत मला तिच्या तोंडून दिसायची.

आणि मग पूर्णदर्शन आलं.

एका मोटारसायकलीचा धक्का लागून दोन मुली दरीच्या कठड्यावर आदळल्या, तेव्हा शर्यतीच्या रस्त्यावर कॅमेऱ्याची वाहनं नकोतच, असं ठरलं. पूर्णदर्शनवाल्यांना कॅमेरा लागतच नाही. प्रत्येक सायकलच्या सांगाड्यात सुपारीएवढा एक बिल्ला बसवतात. सायकल नेमकी कुठे आहे, किती कलली आहे, पायडलवर डाव्या पायाचा जोर किती, उजव्याचा किती, हँडल धरलेल्या तळव्यांतून जाणवणारे हृदयाचे ठोके किती, हे सगळं तो क्षणाक्षणाला कळवतो. रस्ता आधीच झाडाझुडपांसकट मोजलेला असतो. मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला एका खोलीत उभं करून तिचं शरीर आणि चेहरा टिपून घेतात. हस, रड, दात-ओठ खा, असं सगळं करून दाखवायला लावतात. मग शर्यतीत ठोके अमुक, जोर तमुक, चढ इतका, तर या क्षणी या मुलीचा चेहरा कसा असेल, याचा अंदाज यंत्र बांधतं आणि चित्र काढतं. इतकं खरं, की घामाचा थेंबसुद्धा बरोबर हनुवटीवरून पडतो.

याचा परिणाम असा झाला की दीडशेच्या दीडशे मुली सतत दिसायला लागल्या. घरबसल्या हवी ती निवडायची, हव्या त्या बाजूने बघायची. रस्त्याकडेला उभं राहून ओरडणारी गर्दी हळूहळू ओसरली, कारण घरी इतकं सुरेख दिसत असताना डोंगरात कोण तडफडत जाणार? आणि माझ्यासारख्या आयांचं तर सोनं झालं. मी एका स्क्रीनवर पुढची शर्यत ठेवायची आणि दुसऱ्या स्क्रीनवर गार्गी. पाच तास फक्त गार्गी. पहिल्या दिवशी मी कॉमेंट्री संपवून बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मीच सुरू केलं. "बघितलं मी सगळं. त्या पुलानंतर दमली होतीस ना? चेहराच सांगत होता. आणि दुसरी बाटली उशिरा का घेतलीस?"

"तुला कसं कळलं?"

"कळलं म्हणजे? मी बघतच होते की."

ती हसली होती. पुढच्या आठवड्यात कमी हसली. मग फोन लहान होत गेले. "बघितलंस नव्हं?" "बघितलं." "मग झालं की. जेव तू." एकदा ती म्हणाली, "आई, त्या पुलावर मी दमलो नव्हतो. मला हसू येत होतं. पुढची पोरगी गाणं म्हणत होती." मी म्हणाले, "असू दे गं, चेहऱ्यावर दिसत होतं मला." माझ्या लेकीपेक्षा मी चित्रावर विश्वास ठेवला, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

दोन वर्षांत अशी गत झाली की रोज पाच तास लेक डोळ्यांसमोर, आणि जीव तिच्यासाठी तुटतोय. काय तुटतंय ते कळत नव्हतं. दिसतेय की, मग हवंय काय आणखी, असं मी स्वतःलाच दरडावायची. पुन्हा स्क्रीनजवळ सरकून बसायची.

उत्तर इटलीतली ती नऊ दिवसांची शर्यत होती, आणि डोंगरातला शेवटचा दिवस. बायकांची शर्यत तिकडे सकाळी सुटते, म्हणजे आपल्याकडे भर दुपार. सान ब्रूनो नावाचा लांबलचक घाट, वर शेवटची रेषा. लीस आतापर्यंतच्या एकूण वेळेत दुसरी होती आणि आज तिला पहिलं व्हायचं होतं. घाटाच्या मध्यावर पुढे चौघीच उरल्या. त्यात लीस होती, आणि तिच्या पुढे वारा अडवत गार्गी. गार्गी इतकी पुढे, इतक्या उशिरापर्यंत कधीच टिकली नव्हती.

कंट्रोल टेबलावर जहीर होता. मिरजेचा पोरगा, माझ्या कानातला आवाज. "ताई, आज गार्गी काय पळायलीय!" तो म्हणाला.

आणि त्याच वेळी लीसचं चाक बसलं. पंक्चर. संघाची गाडी बरीच मागे, अरुंद रस्त्यावर दुसऱ्या गाड्यांच्या मागे अडकलेली. चित्रात लीस थांबलेली दिसली, गार्गीही तिच्याजवळ थांबलेली दिसली, दोन्ही सायकली क्षणभर एकमेकींना चिकटल्या. मग लीस तिथेच राहिली आणि गार्गी निघाली.

इंग्रजी कॉमेंट्रीवाल्यांनी आरडाओरडा सुरू केला. संघाने मदतनिसाला मोकळं सोडलं! मी कशाला मागे राहते? म्होरकीला असं सोडून गार्गी जाईल का, हा प्रश्न मनात येऊन गेला, पण मी त्याला दारातच उभं केलं. वरून हुकूम आला असेल, म्हटलं. गार्गी त्या दोघींना गाठत होती. गाठलं. एकीला मागे टाकलं, मग दुसरीला. ती पुढे, एकटी, घाटावर, अख्खं जग बघतंय. "गार्गी आरवाडे! सांगलीची गार्गी आरवाडे!" माझा घसा बसला. इतकी वर्षं जे बघायची मी आस धरली होती ते चित्र समोर होतं. फोन थरथरत होता, सांगलीहून मेसेज येत होते, कुणीतरी फटाके आणायला धावलं होतं.

मग माझी नजर तिच्या पायांवर गेली.

गार्गी जड गिअरवर हळू पाय मारते. गिअर नसलेल्या सायकलवर दंडोबाचा चढ चढून चढून तिला ती सवय लागली आहे आणि युरोपातल्या कुठल्याही प्रशिक्षकाला ती मोडता आलेली नाही. समोरच्या मुलीचे पाय भिंगरीसारखे फिरत होते. आनंदाने वेग वाढला असेल, असं मी मनाला समजावलं. पुढचं वळण आलं, चढ कडक झाला. अशा ठिकाणी गार्गी सीटवरून उठते. उठल्याशिवाय तिला चढताच येत नाही. ही बसूनच राहिली. चेहरा माझ्या लेकीचा, हनुवटीवरचा तीळ माझ्या लेकीचा, आणि चाल परक्या बाईची.

मला सगळं एकदम कळलं. गार्गीने सायकल दिली होती. उतरून, लीसला चढवून, पाठीला ढकलून तिला पुढे धाडलं होतं. यंत्र ओळखतं ते सायकलच्या बिल्ल्याला. गाडीतल्या सुट्या सायकली ज्या त्या मुलीच्या नावावर आधीच नोंदलेल्या असतात, त्यामुळे तिथे कधी घोळ झाला नव्हता. पण भर घाटात एक मुलगी दुसरीला स्वतःची सायकल देऊन टाकेल, हे पूर्णदर्शन बनवणाऱ्यांच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्यातलं कुणी कधी मदतनीस नव्हतं.

मी गप्प झाले. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. शेवटच्या रेषेवर निकालासाठी एक खरा कॅमेरा अजून ठेवतात. दहा-बारा मिनिटांत सत्य आपोआप बाहेर आलं असतं. तोवर लेकीला जिंकताना बघता आलं असतं. एक वळण मी तशीच बघत बसले, खोटं सांगत नाही. पण ही गार्गी नसेल, तर गार्गी कुठे आहे? चाक बसलं तेव्हा दोघी चिकटून होत्या. ती पडली तर नाही? जगात एकही डोळा तिच्यावर नव्हता.

"मंडळी, थांबा," मी माइकवर म्हणाले. "पुढे चालली आहे ती गार्गी आरवाडे नाही. ती लीस आहे. सायकल बदलली आहे."

"ताई, काय बोलायलाय तुम्ही?" जहीर कानात ओरडला. "इंग्रजीवाले, फ्रेंचवाले, सगळे गार्गीच म्हणायलेत!"

मी माइक बंद केला. "म्हणू देत. जहीर, मागे थांबलेली लीस दाखव. आत्ता."

"ती राखाडी झालीय, ताई. शर्यत सोडली म्हणून दाखवायलंय."

"दाखव म्हटलं ना!"

त्याने दाखवली. घाटातलं एक वळण, दगडी कठडा, खाली आडवी पडलेली सायकल. कठड्यावर लीस बसली होती. शांत, हात मांडीवर, छाती सावकाश वर-खाली होत होती. चार श्वास झाले की पुन्हा पहिल्यापासून तेच चार श्वास. सायकल निश्चल आहे एवढंच यंत्राला ठाऊक होतं, म्हणून त्याने एक माणूस काढून शेजारी बसवून ठेवलं होतं. सायकलवरून उतरलेल्या माणसाबद्दल त्याला काहीच कळत नव्हतं. ती बसली आहे की पडली आहे, हसते आहे की कण्हते आहे, तिथे आहे तरी की नाही, काही नाही.

मी माइक चालू केला. "तुम्हाला इथे लीस दिसते आहे," मी म्हणाले. "पण इथे लीस नाही. इथे माझी मुलगी आहे. ती कशी आहे ते मला माहीत नाही. मी दोन वर्षं तिला रोज बघते आहे आणि ती कशी असते ते मला माहीत नाही. तिने आज आपली सायकल देऊन टाकली. पुढे जे काही चाललं आहे ते तिच्या सायकलवर चाललं आहे. तुम्हाला पुढची शर्यत बघायची असेल तर दुसऱ्या भाषेत बघा. मी इथेच थांबणार आहे."

वाहिनीच्या साहेबांचा फोन आला असणार, कारण जहीर कुणाला तरी "हो सर, हो सर" म्हणत होता. चित्र मात्र त्याने हलवलं नाही. मी त्या राखाडी बाईसमोर बसून बोलत राहिले. मदतनीस काय करतात, उंची का मोजतात, घाटात एकटं थांबलेल्या मुलीला गाडी यायला किती वेळ लागतो. दुसऱ्या स्क्रीनवर माझ्या लेकीचा चेहरा घेतलेली बाई रेषेजवळ पोचली, खऱ्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात आली, आणि तिथे हात वर केलेली लीस दिसली. सगळ्या भाषांमधली कॉमेंट्री एकदम बंद पडली. मी खरी ठरल्याचं मला काहीच वाटलं नाही. बऱ्याच वेळाने संघाकडून निरोप आला: गार्गी ठीक आहे, सुट्या सायकलवरून मागच्या घोळक्यात वर पोचली. तेव्हा कुठे मी कानातला हेडफोन काढून ठेवला.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पूर्णदर्शनवाल्यांचं दिलगिरीचं पत्र फोनवर आलेलं होतं. त्यासोबत एक चित्रफीतही होती. सायकल बदलल्याची नोंद आता दुरुस्त झाली आहे, त्या वेळी जवळून गेलेल्या सगळ्या सायकलींच्या बिल्ल्यांची माहिती एकत्र करून तुमच्या मुलीचा तो सगळा वेळ पुन्हा रचला आहे, खास तुमच्यासाठी, असं लिहिलं होतं. एका बोटाचं काम होतं. मी फोन उचलून खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्या कठड्यावर माझी गार्गी कशी बसली असेल, हे बघायला मी काय दिलं नसतं? एवढी भूक मला आयुष्यात कशाची लागली नव्हती.

फोन वाजला. गार्गीच होती.

"बघितलंस नव्हं?" ती म्हणाली. आवाज थकलेला.

"नाही."

"अगं, दुरुस्त करून पाठवतात म्हणे आता."

"आलंय. उघडलं नाही मी."

"का?"

"त्यातली गार्गी त्यांनी काढलेली आहे. तू सांग. काय झालं गं?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काय सांगू आता... गाडी लई उशिरा आली. कठड्यावर बसलो. बूट काढले. मधमाश्यांच्या पेट्या होत्या तिथं, निळ्या रंगाच्या. एक म्हातारी आली, काहीतरी विचारलं तिनं इटालियनमध्ये. मी मराठीतच बोललो. तिला काय, नि मला काय!" ती थोडी हसली आणि मधेच थांबली. "लीसनं सायकल मागितली नव्हती, आई. कानातल्या रेडिओवरनंबी मॅनेजरचं काही आलं नव्हतं. कुणी म्हणायच्या आधीच मी उतरलो."

"पुढं?" मी म्हणाले.

"आई, आज माझे पाय असे होते ना... लीसपेक्षा भारी होते. मी जिंकलो असतो गं आज."

"मला माहीत आहे," हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. दोन वर्षं मी तिला हेच म्हणत आले होते, आणि दोन वर्षांत एकदाही ते खरं नव्हतं.

"मग?" मी विचारलं. "उतरलीस का गं?"

गार्गी रडायला लागली. आणि मग रडता रडताच ती सांगायला लागली.